नोकरी सांभाळून कॅप्टन करणाऱ्या साहेबांस

प्रति,
‘नोकरी करता करता पायलट’ योजनेचे माननीय सल्लागार साहेब,
मुक्काम : हायवेवर ज्या हॉटेलचा हॉल मिळेल तो



पत्र जाहीर लिहावं लागतंय, कारण तुमच्या गुळगुळीत माहितीपत्रकावर विमानांचे फोटो भरपूर आहेत, पण कचेरीचा पत्ता नाही. मोबाइल नंबर आहेत. त्यांवर एक गोड आवाज ‘सर सेमिनारमध्ये आहेत’ एवढंच सांगतो. तेव्हा आभार चारचौघांतच मानतो.

आभार अशासाठी, की आम्हा संगमनेरकरांना वाट पाहायची सवय लागलेली. पुणे–नाशिक रेल्वे कधी आमच्या गावावरून जाते, कधी खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला अडचण नको म्हणून दुसरीकडे वळते, आणि दोन्ही वेळा कागदावरूनच जाते. तुम्ही मात्र रूळ, डबे, भूसंपादन असल्या किरकोळ बाबींत न अडकता आम्हाला एकदम आकाशात नेलंत. तेही फक्त शनिवार-रविवारी, आणि नोकरी न सोडता!

माझी ओळख थोडक्यात. उभी हयात बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर. आता निवृत्त. माझी भाची मेकॅनिकल इंजिनिअर. सिन्नरच्या एमआयडीसीत नोकरी, आठवड्याचे सहा दिवस कंपनीच्या बसने जा-ये. तिला विमान चालवायचंय. ही हौस नाही, तिने विचारपूर्वक ठरवलेली गोष्ट आहे, आणि त्याबद्दल आमच्या घरात कुणाची तक्रार नाही. फक्त आमच्याकडे एक जुनी रीत आहे : सही करण्याआधी कागद मामाला दाखवायचा. म्हणून त्या रविवारी मी तुमच्या सेमिनारला शेवटच्या रांगेत होतो. पुढच्या रांगेतले लोक स्वप्न बघत होते, मी तळटीप शोधत होतो. ती नव्हतीच.

तुम्ही तिला पहिल्याच वाक्यात ‘कॅप्टन’ म्हणालात. सहकारी संस्थेत क्लार्कचा सीनियर क्लार्क व्हायला माणसाचे केस पिकतात. तुमच्याकडे नाव नोंदवायच्या आधीच बढती. मग पडद्यावर आकडा आला : ३०,०००. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत देशाला एवढे वैमानिक लागतील, असं केंद्रीय विमान वाहतूक मंत्री म्हणाले आहेत, हे खरं. २०२३ साली देशात १,६२२ व्यावसायिक परवाने दिले गेले, हेही खरं. पण या दोन खऱ्या आकड्यांच्या मधोमध तुम्ही भाचीसाठी एक खुर्ची राखून ठेवल्यासारखं बोललात. परवाना हातात आल्यावरही एखाद्या ठरावीक मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग करावं लागतं, त्याला पुन्हा पंधरा-वीस लाखांच्या घरात खर्च येतो आणि त्यानंतरही विमान कंपनीची परीक्षा, मुलाखत असते, हे सांगायला तुम्हाला वेळ उरला नाही. चहा गार होत होता ना.

आता तुमच्या मुख्य शोधाकडे वळतो : वीकेंड बॅच.

व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास विमान आपल्या एकट्याच्या जबाबदारीवर चालवायचं. २० तास एका गावाहून दुसऱ्या गावी. त्यात एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरहून अधिक, आणि वाटेत दोन वेगळ्या धावपट्ट्यांवर उतरून. १० तास केवळ उपकरणांकडे पाहून. ५ तास रात्रीचे, त्यात दहा वेळा उडणं आणि दहा वेळा उतरणं. हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे नियम. माझ्या मनचे नाहीत.

मी बँकवाला. नियम दिसला की कॅल्क्युलेटर काढतो. वर्षाचे आठवडे ५२. आपल्याकडचा पावसाळा जून ते सप्टेंबर, साधारण सतरा आठवडे. त्यातही उघडीप मिळते, पण ती रविवारी मिळेल याची हमी हवामान खातंसुद्धा देत नाही. उरले ३५. भाचीला सुट्टी एकच दिवस. एका रविवारी हवा बरी, विमान तयार, प्रशिक्षक हजर आणि रांगेत तिचा नंबर आधी, असं सगळं जुळलं तर एक तास उड्डाण. वर्षाला ३५ तास. दोनशे तासांना साडेपाच वर्षांहून जास्त.

तुम्ही म्हणाल, ‘मग लागू देत की, मामा! नोकरी तर चालू आहे.’ तिथेच तुमच्या योजनेचा खरा चमत्कार आहे. हे २०० तास परवान्याच्या अर्जाआधीच्या पाच वर्षांतले असावे लागतात. म्हणजे सहावं वर्ष उजाडलं की पहिल्या वर्षीचे तास मागून गळायला लागतात. फुटक्या माठात रविवारी एक तांब्या ओतायचा, आणि माठ भरला की कॅप्टन! तुमच्या दृष्टीने मात्र योजना निर्दोष आहे, कारण गिऱ्हाईक आयुष्यभर टिकतं.

शिवाय ती ३५ ही संख्या मी फारच उदार मनाने धरली. शिकाऊ विमानाचीही ठरावीक तासांनी तपासणी होते. ते वर्कशॉपमध्ये असलं की रविवार गेला. प्रशिक्षकही माणूसच, त्याच्याही घरी लग्नकार्य निघतं. धुळ्यासारख्या उड्डाण शिकवणाऱ्या ठिकाणी एप्रिल-मेमध्ये दुपारी जमीन तापली की हवा इतकी उसळते, की शिकाऊंचं उड्डाण सकाळीच उरकावं लागतं. मग सहा दिवस कारखान्यात, शनिवारी रात्री एसटीत आणि रविवारी पहाटे कॉकपिटमध्ये. झोप कधी? त्याची सोय तुमच्या पॅकेजमध्ये आहे का? आणि सहा दिवसांनी परत विमानात बसणाऱ्याला मागचं उतरणं आठवायलाच अर्धा तास जातो. तो अर्धा तास फुकट नसतो. त्याचंही बिल मिनिटावर निघतं.

आता शाळेबद्दल. ‘आमचा देशातल्या सगळ्या टॉप अकॅडमींशी टायअप आहे,’ असं तुम्ही म्हणालात. मी हात वर करून विचारलं, ‘नावं?’ तुम्ही म्हणालात, ‘ते ॲडमिशननंतर अलॉट होतं.’ साहेब, मुलीचं लग्न ठरवताना आम्ही मुलाचं गाव, शेत आणि मामेकुळ विचारतो. इथे अर्ध्या कोटीचा मामला, आणि शाळेचं नाव हळद लागल्यावर कळणार?

महाराष्ट्रात उड्डाण शिकवणाऱ्या जागा काही गुप्त नाहीत. बारामती आहे, धुळे आहे, शिरपूर, जळगाव, गोंदिया आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो याच क्लबात शिकून. तुमच्या माहितीपत्रकावर त्यांचा फोटो आहेच. फक्त त्यांना सोमवारी सकाळी सिन्नरच्या बसला उभं राहायचं नव्हतं, ही ओळ तेवढी राहून गेली. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. कोणत्या संस्थेला मान्यता आहे आणि ती कधीपर्यंत, याची यादी डीजीसीए स्वतः प्रसिद्ध करतं. तुमच्या ‘अलॉटमेंट’ची आम्हाला गरज पडावी, असं त्यात काही नाही.

शिर्डीचं विमानतळ काकडीला, आमच्यापासून तासा-दीड तासावर. ते तुम्ही नकाशात लाल वर्तुळ करून दाखवलंत. २०१७ पासून तिथे प्रवासी विमानं उतरतात, साईभक्तांची सोय झाली, चांगलंच आहे. पण धावपट्टी जवळ असणं वेगळं आणि शाळा जवळ असणं वेगळं. तसं पाहिलं तर साखर कारखाना आमच्या दारात आहे. म्हणून आम्ही सगळे केमिस्ट झालो नाही.

तुमच्या पानावर सोनेरी अक्षरांत ‘ए प्लस प्लस पार्टनर अकॅडमी’ असं छापलंय. यावर मात्र तुमची पाठ थोपटायला हवी. डीजीसीएने उड्डाण प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी पहिल्यांदा लावली ती १ ऑक्टोबर २०२५ पासून. १०० पैकी ८५ च्या वर गुण असतील तर ए प्लस प्लस, ७० च्या वर ए प्लस, ५० च्या वर ए आणि त्याखाली बी. त्या पहिल्या यादीत ३५ संस्था होत्या. तेरा ए मध्ये, बावीस बी मध्ये. ए प्लसमध्ये कुणी नाही, ए प्लस प्लसमध्येही कुणी नाही. देशाच्या नियामकाला जी शाळा सापडली नाही, ती तुम्हाला सापडली! पत्ता त्यांनाही कळवा, बिचारे शोधत असतील.

सुरक्षिततेवर तुमची स्लाइड होती : ‘शंभर टक्के सेफ’. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन शिकाऊ विमानं चार दिवसांच्या आत कोसळली आणि डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. असं झालं की विद्यार्थ्याचे तासही थांबतात. त्याने सगळी फी आधीच भरली असेल तर तो काय करतो, हे विचारणारा माणूस तुम्हाला ‘निगेटिव्ह एनर्जी’ वाटला. मी बँकेत निगेटिव्ह एनर्जीचाच पगार घेत होतो, साहेब.

आणि आता पैसा, म्हणजे माझं खातं.

तुमचा फीचा कागद मी घरी आणला आणि लाल पेन घेऊन बसलो. त्यात १८ टक्के जीएसटी लावलाय. डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेतल्या मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षणावर जीएसटी लागत नाही, हे जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२४ मधल्या ५४ व्या बैठकीत स्पष्ट केलंय. म्हणजे दोनच शक्यता. एकतर तुम्ही नसलेला कर गोळा करताय, किंवा जे विकताय ते मान्यताप्राप्त प्रशिक्षणच नाही. यातली कुठली शक्यता तुमच्या मोठेपणाला शोभते, ते तुम्हीच ठरवा. मी दोन्हींच्या मध्ये पडत नाही.

‘लोन आम्ही करून देतो,’ हे तुमचं पुढचं वाक्य. बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत वैमानिक प्रशिक्षण बसतं, पण ते डीजीसीएने मान्य केलेलं हवं. साडेसात लाखांच्या वर कर्ज गेलं की तारण लागतं. आमच्याकडे तारण म्हणजे दाजींचा सात-बारा. पन्नास लाख कर्ज, दहा टक्के व्याज, म्हणजे वर्षाला पाच लाख नुसतं व्याज. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, पण व्याजाचं मीटर पहिल्या दिवसापासून पळतं. अभ्यासक्रम साडेपाच वर्षं चालला तर? बोजा उताऱ्यावर, ऊस शेतात, भाची एसटीत आणि तुम्ही पुढच्या गावच्या हॉटेलात.

सगळ्यात कौतुक केलं पाहिजे ते ‘आज बुकिंग केलं तर पन्नास हजार सूट’ याचं. त्याआधी भाचीने एकच प्रश्न विचारला होता : ‘सर, मेडिकल?’ तुम्ही म्हणालात, ‘ती फॉर्मॅलिटी आहे, नंतर बघू.’ ही मेडिकल तपासणी आधी क्लास टू, मग क्लास वन. डोळे, कान, हृदय, रंग ओळखता येणं, सगळं तपासलं जातं. क्लास वन मिळालं नाही तर व्यावसायिक परवाना नाही. मग दोनशे तास असोत की दोन हजार. ज्या तपासणीवर सगळा डोलारा उभा आहे ती नंतर, आणि पावती आधी? हा क्रम चुकून लागत नाही. पैसे परत न करण्याचा हा सर्वांत सभ्य मार्ग आहे. आमचं गाव शाहीर अनंत फंदींचं. व्यवहाराचा फटका शिकायला आम्हाला सेमिनार लागत नाही.

शेवटी तुम्ही हुकमाचा पत्ता टाकलात : अमेरिका. ‘तिकडे नोकरीवाले सगळे वीकेंडलाच शिकतात!’ हेही अर्धं खरं. तिकडे गावोगावी छोटे विमानतळ आहेत आणि टेक्सासला नोकरी करणारा आपला एखादा मराठी पोरगा सुरक्षा खात्याची परवानगी काढून शनिवारी सेसना उडवून येतो. पण तो खासगी परवान्यासाठी, चाळीस तासांच्या हौसेसाठी. ती हौस इथेही रविवारी-रविवारी वर्ष-सव्वा वर्षात भागू शकते; कुणाला तेवढीच भागवायची असेल तर तुमची वीकेंड बॅच अगदीच टाकाऊ नाही. भाचीला पोट भरायचंय त्यावर. तिने इथून विद्यार्थी व्हिसावर जायचं ठरवलं तर सिन्नरची नोकरी विमानतळावरच सुटते, आणि परत आल्यावर तिकडचा परवाना इकडचा करून घ्यायला डीजीसीएच्या परीक्षा द्याव्या लागतात. ‘नोकरी सांभाळून’ हे शब्द तुमच्या अमेरिकेच्या स्लाइडवर कुठे गेले, ते मी शोधतोच आहे.

नोकरी सांभाळून विमानाच्या वेडापायी झटणारा माणूस महाराष्ट्राने पाहिलाय. अमोल यादव विमान कंपनीत वैमानिकाची नोकरी करत मुंबईतल्या घराच्या गच्चीवर विमान बांधत होते. २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याला नोंदणी मिळाली. त्यामागे कित्येक वर्षं गेली, आणि त्यांनी ती वर्षं कधी कुणाला ‘फास्ट ट्रॅक’ म्हणून विकली नाहीत.

तुमचा खरा गुन्हा तुम्ही खोटं बोललात हा नाहीच. नोकरी सांभाळून वैमानिक होण्याचा एक मोठा भाग खरोखर होतो, आणि नेमका तोच तुम्ही लपवलात. मेडिकल नोकरीत असताना होतं. डीजीसीएच्या पोर्टलवर परीक्षांसाठी लागणारा कॉम्प्युटर नंबर काढणं नोकरीत होतं. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकलचे पेपर रात्री जेवणं आटोपल्यावर पुस्तक उघडून होतात. ७० टक्क्यांना पास. रेडिओची परीक्षाही नोकरीत असताना देता येते. पगारातून पैसे बाजूला टाकणं तर नोकरीतच होतं. होत नाही ते एकच : दोनशे तासांचं उड्डाण. त्याला एक सलग, मोकळं वर्ष-दीड वर्ष लागतं, रजा बिनपगारी घ्या नाहीतर राजीनामा द्या. म्हणजे शाळा निवडायची ती ‘रविवारी चालू असते का’ या प्रश्नावर नाही, तर ‘सलग आलेल्या मुलीला किती लवकर मोकळं करते’ या प्रश्नावर. आधी मेडिकल, मग पेपर, मग पैसा आणि सगळ्यात शेवटी राजीनामा. तुम्ही नेमका उलटा क्रम विकता, कारण पहिल्या तीन पायऱ्यांवर कमिशन नाही.

भाचीने क्लास टू मेडिकल करून घेतलंय. दुसऱ्या शिफ्टहून आली की मेटिऑरॉलॉजीचं पुस्तक घेऊन बसते. गेल्या आठवड्यात तिने मला ढगांचे प्रकार ओळखायला लावले, आणि तुमच्या सेमिनारचा प्रकार कुठला, असंही विचारलं. मी म्हटलं, नुसता गडगडाट.

तरीही तुमच्यावर अन्याय नको. बँकेत आम्ही अर्ज फेटाळण्याआधी कागदपत्रं पूर्ण करायची एक संधी देत असू. पुढचा सेमिनार संगमनेरात घ्याल तेव्हा खालील पाच गोष्टी सोबत आणा :

एक, शाळेचं नाव, तिच्या डीजीसीए मान्यतेची मुदत, आणि तुम्ही तिचे अधिकृत प्रतिनिधी असल्याचं तिच्याच लेटरहेडवरचं पत्र.

दोन, आज सकाळी उडण्याच्या स्थितीत असलेली विमानं किती, प्रशिक्षक किती, विद्यार्थी किती, आणि गेल्या महिन्यात एकूण तास किती उडाले. फोटोतली विमानं धरू नयेत.

तीन, गेल्या वर्षी किती जणांचे दोनशे तास पुरे झाले आणि प्रत्येकाला किती महिने लागले.

चार, फी उडालेल्या तासांप्रमाणे टप्प्याटप्प्याने, थेट संस्थेच्या खात्यात, आणि न उडालेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत, हे लेखी.

पाच, वीकेंड बॅच करून, नोकरी एक दिवसही न सोडता, ज्याने व्यावसायिक परवाना मिळवला असा एक माणूस. त्याचा फोटो नको, प्रशस्तिपत्र नको. प्रत्यक्ष माणूस पाहिजे.

हा पाचवा समोरच्या खुर्चीत आणून बसवलात, तर वरचे चारही कागद माफ.

कळावे,

आपला हितचिंतक,
एक निवृत्त कर्ज अधिकारी आणि कायमचा मामा
संगमनेर